कुंडीत उतरलेला कॅमेरा

पाण्यात चालणारा कॅमेरा मागत गिऱ्हाईक आलं, की मी कपाटाला हात लावत नसे. आधी विचारत असे, "किती पाण्यात?" हा प्रश्न लोकांना आवडायचा नाही. पाणी ते पाणी, त्यात किती काय विचारायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण सगळी मेख तिथेच होती. पावसाच्या शिंतोड्यांत टिकणारा कॅमेरा वेगळा आणि पाण्याखाली चालणारा वेगळा. दोन्हींच्या खोक्यावर निळं पाणी आणि हसणारी गोरी बाई सारखीच छापलेली असे, त्यामुळे खोकं बघून घेणारा हमखास फसायचा.

बऱ्हाणपूरच्या बाजारात एका फोटोच्या दुकानात मी एकतीस वर्षं नोकरी केली. कॅमेरे विकले, रोल भरून दिले, रोल धुतले, आयकार्डाचे फोटो काढताना शेकडो लोकांच्या हनुवट्या वर-खाली केल्या. परदेशी माल उघडपणे मिळायला लागला ती वर्षं मी काउंटरमागे उभा राहून पाहिली. त्याआधी असा कॅमेरा कोणाचा तरी भाऊ आखातातून आणायचा आणि गल्लीभर मिरवायचा. मग एकदम आमच्या काचेच्या कपाटात चार-चार कंपन्यांचे छोटे कॅमेरे येऊन बसले आणि ते निवडून देणं हे माझं काम झालं. मालकांना, म्हणजे आमच्या शेठजींना, त्यातलं काही कळत नसे. ते सरळ म्हणायचे, "वसंत से पूछो."

या विचारण्याची मला चटक लागली होती, हे आज कबूल करतो.

एका नवरदेवाचा मेहुणा शिंतोड्यांतला कॅमेरा घेऊन गेला. मी दोनदा बजावलं होतं. तरी पठ्ठ्याने तापीत उभं राहून, मध्येच बुडी मारून, नव्या जोडप्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कॅमेरा कानाशी हलवत आला. "भाऊ, याच्यात तं पानी वाजू राह्यलं." मी विचारलं, किती पाण्यात गेला होता? म्हणाला, "जास्त नाही, गळ्यालोक." माझं सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक म्हणजे फोपनारचा एक केळीवाला. त्याला पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. केळीचा चीक लागला की कपडा काय आणि यंत्र काय, काळे डाग पडून वाया जातं, म्हणून त्याला नळाखाली धुता येईल असा कॅमेरा हवा होता. त्याने तो घेतला आणि वर्षानुवर्षं धुतला.

बाहेरच्या वाचकाला हा धंदा थोडक्यात सांगतो. खोलीचा प्रश्न सुटला, की उजेड बघायचा. पाण्याखाली किंवा अंधारात फ्लॅश दमदार लागतो आणि रोलही जास्त वेगाचा, म्हणजे कमी उजेडात चालणारा लागतो. मग बटणं बघायची. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांना सापडतील इतकी ती मोठी हवीत. मग पट्टा, कारण हातातून सुटलेला कॅमेरा तळाला जातो. आणि सगळ्यात शेवटी रबर. रोल भरायचं जे मागचं झाकण असतं, त्याच्या कडेने खाचेत एक बारीक रबरी कडं बसवलेलं असतं. झाकण बंद केलं की ते दाबलं जातं आणि पाणी अडतं. अख्खा कॅमेरा त्या कड्याच्या भरवशावर पाण्यात उतरतो. इंदूरहून कंपनीचा माणूस आम्हाला हे शिकवायला आला होता. त्याच्या डोक्यावर मोजके केस राहिले होते. त्यातला एक त्याने उपटला, कड्यावर आडवा ठेवला, झाकण लावलं आणि कॅमेरा पाण्याच्या बादलीत बुडवला. बाहेर काढून उघडला तर आत पाणी. "एक बाल काफी है," तो म्हणाला. हे वाक्य मी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, जणू माझंच होतं.

आता माझ्या दुसऱ्या सवयीबद्दल. आमच्या भागात सायकल घ्या, शिलाई मशीन घ्या, नवीन वस्तू कुंकू लागल्याशिवाय घरात शिरत नाही. दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली मी एक वाटी ठेवली होती. तिच्यात कुंकवात कालवलेले तांदूळ असायचे. कॅमेरा विकला गेला की मी अनामिकेने त्याला कुंकू लावायचो, चार अक्षता टाकायचो आणि त्याच हाताने रोल भरून द्यायचो. रोल स्वतः भरायचं धाडस तेव्हा कोणी करत नसे, ते दुकानदाराचंच काम. पार डोईफोडिया गावापासून लोक यायचे आणि म्हणायचे, वसंतभाऊंच्या हाताला यश आहे, त्यांच्याच हातून कुंकू लावा. शेठजी हे ऐकून खूश व्हायचे आणि मी त्यांच्याहून जास्त. दुसऱ्या दुकानांत कॅमेरा मिळायचा, माझ्याकडे आशीर्वादही मिळायचा, असं मी चक्क बोलून दाखवायचो.

रामदास आला तो दुपारच्या रिकाम्या वेळी. चाळिशीचा, काटक, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरट चिरा पडलेला. चप्पल बाहेर काढून आत आला, जी आमच्या दुकानात कोणी काढत नसे.

"भाऊ, पान्यात चालीन असा फोटोचा डबा पाहिजे."

"किती पाण्यात?"

"कमरेलोक. पन मधी मधी डोकं घालून जावं लागते."

तो कुंड्यांत उतरणारा माणूस होता. बऱ्हाणपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, लालबागेकडे जमिनीखालून पाण्याची एक जुनी वाट आहे, बादशाही काळात खोदलेली. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी तिच्यातून गावाकडे येतं. वरून पाहिलं तर नुसती विहिरींची रांग दिसते, त्यांना आम्ही कुंडी म्हणतो. खाली सगळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. पाण्यात चुना इतका, की भिंतींवर त्याचे पांढरे थर चढतात आणि वाट अरुंद होत जाते. दोराने खाली उतरून ते थर फोडायचे, गाळ काढायचा, हे रामदासचं काम. चौदा वर्षं तो ते रोजंदारीवर करत होता आणि आता त्याला कायम करायची वेळ आली होती.

तेवढ्यात कोणीतरी अर्ज केला होता, की हा खाली उतरतच नाही, वर झाडाखाली बसून हजेरी लावतो. ज्या कचेरीत हा अर्ज गेला तिचं नाव मी लिहीत नाही, कारण या गोष्टीत तिथल्या लोकांपेक्षा मीच जास्त दोषी आहे. साहेबांपैकी कोणी कधी खाली उतरलेला नव्हता, मग खरं-खोटं ठरवणार कोण? वर दोर धरणाऱ्यालाच रामदासच्या जागेवर चिकटायचं होतं, त्यामुळे तो गप्प. गुरुवारी चौकशी होती.

"साहेब बोलतात, सबूत लाव," रामदास म्हणाला. "म्या म्हनलं, तुमी चला संगं. तं हसले. मंग म्या इचार केला, फोटो काढून आनतो. कुठं कुठं चुना फोडला, समदं दिसीन."

त्याने दोन बकऱ्या विकल्या होत्या. आमच्याकडे एक वापरलेला कॅमेरा होता, पाण्याखाली चालणारा, एका गिऱ्हाइकाने बदली करून नवा घेतलेला. मी तो काढला. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी जितकं मन लावून काम केलं तितकं क्वचितच केलं असेन. रबरी कडं खाचेतून सोडवून काढलं, भिंगाखाली धरून पाहिलं, पुसलं, त्याला बोटाने ग्रीस लावलं, परत बसवलं. बादलीत अर्धा तास बुडवून ठेवला. आत थेंब नाही. रामदासला एकेक बटण हात धरून शिकवलं. त्याला स्वतःलाही फोटोत यायचं होतं, म्हणून कॅमेऱ्यातलं घड्याळ दाखवलं. हा खटका दाबायचा, कॅमेरा एखाद्या कोनाड्यात ठेवायचा आणि दहा मोजेपर्यंत समोर जाऊन उभं राहायचं. तो तिथेच दुकानात काउंटरवर कॅमेरा ठेवून चार पावलं मागे जाऊन ताठ उभा राहिला आणि मोठ्याने दहा मोजले. एक केस पुरेसा असतो, हेही मी त्याला ऐकवलं. खाली असताना झाकण उघडायचं नाही, बाहेर आल्यावरही नाही, तसाच माझ्याकडे आणायचा, मीच उघडीन.

मग मी गणपतीखालची वाटी घेतली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि त्याच हाताने झाकण उघडून रोल भरला. रामदासने कॅमेऱ्याला हात जोडले.

रविवारी तो कुंडीत उतरला. सोमवारी आमचं दुकान बंद असायचं. मंगळवारी सकाळी मी कुलूप काढत होतो तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. कॅमेरा त्याने धुतलेल्या पंच्यात गुंडाळला होता.

"छत्तीसच्या छत्तीस काढले," तो म्हणाला. "शेवटच्याले मी हाय. कुदळ घेऊन."

मी कॅमेरा घेतला आणि त्याचं वजन हाताला लागलं. आतून पाणी हललं. अंधाऱ्या खोलीत जाऊन दार लावलं, चाचपडत झाकण उघडलं, रोल काढून धुवायच्या औषधाच्या डब्यात टाकायला गेलो तर फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटलेले. सोडवायला गेलो की वरचा थर सुटून बोटाला येत होता. भिजलेला रोल वाळू न देता पाण्याच्या भांड्यातच बुडवून आणला तर त्यातलं काही वाचू शकतं. हे मला माहीत होतं, पण रामदासला सांगायचं सुचलं नव्हतं, कारण माझ्या हातून गेलेल्या कॅमेऱ्यात पाणी शिरेल हेच माझ्या मनात आलं नव्हतं.

दिवा लावला. कॅमेऱ्यात तळाला पाणी साचलं होतं आणि ते गुलाबी होतं. रबरी कड्यावर, कोपऱ्यात, तांदळाची एक कणी फुगून बसली होती. आजूबाजूला कुंकवाचा ओघळ. बाकी सगळीकडे चुन्याची पांढरी साय.

मी किती वेळ तिथे उभा होतो, आठवत नाही. भीती वाटली एवढं आठवतं. नोकरी जाईल अशी भीती नव्हती, शेठजींनी मला काढलं नसतं. पण वसंतभाऊंच्या कुंकवाने कॅमेरा बुडाला हे बाजारभर झालं असतं. डोईफोडियापर्यंत लोक हसले असते. मी कापूस घेतला. कणी काढली. पाणी मोरीत ओतलं. खाचा पुसल्या, चुना पुसला, वाळवायच्या पंख्यासमोर कॅमेरा धरला. हे सगळं मी चांगलं, सफाईने केलं, कारण सफाईने काम करायची सवय होती.

बाहेर आलो तेव्हा शेठजीही येऊन बसले होते. मी म्हणालो, "रामदासभाऊ, रोल वाया गेला. तुम्ही ओल्या हाताने झाकण उघडलं असणार."

"नाही भाऊ. उघडलंच नाही. तुमी नको बोलले होते."

"मग कुठे आपटला असेल. झाकण जरासं जरी उचकटलं तरी पाणी शिरतं."

त्याने शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे वसंत म्हणतो ते खरं. मग रामदासच्या डोक्यात जे आलं ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

"मंग भाऊ, फोटो ऱ्हाऊ द्या. पानी तं शिरलं ना? ते पानी कुंडीचं हाय. चुना असीन त्याच्यात, साहेबाले दाखवतो. बऱ्हानपुरात कोनीबी ओळखीन. तुमी एक चिठ्ठी लिहून द्या, का डबा कुंडीच्या पान्यानं भरून आला होता. मी उतरलो, हे तं झालं ना साबित?"

शिकलेल्या वकिलालाही सुचलं नसतं असं तो बोलला होता आणि ते अगदी बरोबर होतं. त्या कॅमेऱ्यातला चुना हा छत्तीस फोटोंहून पक्का पुरावा होता. तो चुना मी आत्ताच कापसाने पुसून मोरीत सोडला होता.

मी झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं. "पाणी कुठे आहे? बघा, कोरडा आहे. थोडी ओल होती, तेवढ्याने रोल गेला. आणि अशा चिठ्ठ्या दुकानाच्या नावाने देता येत नाहीत."

त्याने वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कॅमेरा तिथेच काउंटरवर सोडून, चपला घालून तो गेला.

गुरुवारी चौकशी झाली. रामदासला कायम केलं नाहीच, रोजंदारीवरूनही काढलं. दोर धरणारा खाली उतरायला लागला आणि दोन पावसाळ्यांत तोही सोडून गेला, कारण ते काम त्याला झेपत नव्हतं. हे सगळं मला गिऱ्हाइकांकडून कळलं. चौकशीआधीच्या त्या दोन दिवसांत मी कचेरीत जाऊन तोंडी सांगू शकलो असतो. रामदासच्या घरी जाऊ शकलो असतो. बुधवारी मी एका लग्नाचा अल्बम चिकटवत बसलो होतो.

पुढे पाण्याच्या कॅमेऱ्यांना कुंकू लावणं मी बंद केलं. गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा मी हसत सांगायचो, याची रोज अंघोळ होणार, याला कुंकू कशाला. लोकही हसायचे. बाकीच्या कॅमेऱ्यांना कुंकू लावत राहिलो आणि माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणत राहिले. जे पाप आवाज न करता पचतं, त्याची चव माणसाला मरेपर्यंत पुरते, हे मला त्या वर्षांत कळलं.

निवृत्त झालो तोवर रोल बंद पडले होते आणि दुकानात मोबाईलची कव्हरं विकली जात होती. एकदा पुण्याहून व्याही आले, त्यांना कुंड्या बघायच्या होत्या. आता तिथे खाली न्यायला लिफ्टसारखा पाळणा केलेला आहे. लोक हसत-खिदळत उतरतात, मोबाईलवर फोटो काढतात. व्याही म्हणाले, चला, तुम्हीही उतरा. मी गुडघ्याचं निमित्त सांगून वरच थांबलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, एवढं तोंड का उतरलंय? तिला सगळं सांगितलं, लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, त्यांना सांगा.

रामदास नदीपलीकडे जैनाबादला मुलीकडे राहत होता. मी गेलो तेव्हा रस्त्याकडेला केळीची गाडी भरणं चाललं होतं आणि तो पोत्यावर बसून घडांच्या फण्या कापून वेगळ्या करत होता. केस पांढरे झाले होते. मला त्याने लगेच ओळखलं, पण उठला नाही.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. कुंकू, तांदळाची कणी, गुलाबी पाणी, कापूस. काही गाळलं नाही. तो कापायचा थांबला नाही. माझं झाल्यावर त्याने विळ्यावरचा चीक चिंधीने पुसला.

"म्हंजे पानी होतं."

"होतं. चुन्याचं होतं."

"बायको इचारायची," तो म्हणाला. "आजारी पडली तवाबी इचारायची. खरं सांगा, तुमी उतरत होते ना? म्या म्हनो, हो. ती म्हने, मंग डब्यात पानी काहून नव्हतं?"

मी त्याचे पाय धरायला हात पुढे केले तर त्याने पाय अंगाखाली ओढून घेतले.

"लिहून द्या," तो म्हणाला.

नातीच्या वहीतलं एक पान फाडून त्याने मागवलं. पेन माझ्या खिशात होतंच. कचेरी उरली नव्हती, साहेब कुठल्या कुठे बदलून गेले होते, त्याची बायको गेली होती. मी विचारलं, कोणाला दाखवणार? त्याने पान माझ्याकडे सरकवलं. मी गुडघ्यावर पान ठेवून लिहिलं, की अमुक दुकानात नोकरीस असताना मी रामदासचा कॅमेरा उघडला, तो कुंडीच्या चुन्याच्या पाण्याने भरलेला होता, रामदास कुंडीत उतरला होता आणि पाणी माझ्या चुकीने शिरलं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

त्याने ते पान दूर धरून, ओठ हलवत, सावकाश वाचलं. परत वाचलं. मग एकेका ओळीवर बोट ठेवत वरून खाली मोजत आला.

"तीनच ओळी झाल्या, भाऊ," तो म्हणाला.